आजी-आजोबा, मुलं आणि अमेरिकेतली ऐतिहासिक ठिकाणं: दिवसाला एक जागा, जागेत एक वस्तू

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही न्यू जर्सीत राहता, मुलगा 11 वर्षांचा, मुलगी 6 वर्षांची. जुलैत सांगलीहून सासू-सासरे येतायत. सासऱ्यांना इतिहासाची मनापासून आवड, सासूबाईंचे गुडघे दुखतात. हातात दहा दिवस आणि यादीत फिलाडेल्फिया, वॉशिंग्टन, विल्यम्सबर्ग, गेटिसबर्ग, बॉस्टन, न्यू यॉर्क. गेल्या वर्षी तुमचे आईवडील आले तेव्हा वॉशिंग्टनला एका दिवसात चार संग्रहालयं केलीत. दुपारी तीनला मुलगी रडायला लागली, आई बाकावर बसून राहिल्या आणि घरी परतल्यावर काय पाहिलं ते कुणालाच सांगता येईना. या वेळी तसं होऊ नये म्हणून काय करावं?

मी पेनसिल्व्हेनियात राहते. गेली चौदा वर्षं आठवड्यातले दोन दिवस एका जुन्या घराच्या संग्रहालयात येणाऱ्यांना घर दाखवते. शाळांच्या सहली येतात, कुटुंबं येतात, आपली मराठी कुटुंबंही येतात. शिवाय माझ्या स्वतःच्या दोन मुलांना आणि भारतातून आलेल्या आई-बाबांना घेऊन मी बरीच फिरले. तेव्हा माझं उत्तर आधीच सांगते आणि मग का ते सांगते: यादी निम्मी करा. दिवसाला एकच जागा ठेवा आणि त्या जागेत एकच वस्तू अशी निवडा की तिच्यासमोर सगळं घर पंधरा मिनिटं थांबेल. बाकीचं दिसलं तर दिसलं.

मी रोज बघते ते असं. कुटुंब खोलीत येतं, भिंतीवरच्या पाटीचा फोटो काढतं आणि पुढच्या खोलीत जातं. वीस खोल्यांत वीस फोटो. मुलं साधारण सव्वा तास नीट बघतात, मग त्यांचं लक्ष पायाकडे आणि पोटाकडे जातं. मोठ्यांचंही तसंच असतं, ते फक्त बोलून दाखवत नाहीत. पण एखाद्या वस्तूबद्दल आदल्या रात्री घरात गोष्ट झाली असेल, तर तेच मूल आत आल्या आल्या विचारतं, ‘ती किल्ली कुठे आहे?’ असं मूल आलं की आम्हा दाखवणाऱ्यांचाही दिवस बदलतो.

किल्ली म्हणजे माउंट व्हर्ननची. वॉशिंग्टन शहराच्या दक्षिणेला पोटोमॅक नदीच्या काठावर जॉर्ज वॉशिंग्टनचं घर आहे. आत शिरल्यावरच्या मधल्या दालनात भिंतीवर काचेच्या पेटीत एक मोठी लोखंडी किल्ली टांगलेली आहे. ती पॅरिसच्या बॅस्टिल तुरुंगाची. 14 जुलै 1789 ला लोकांनी तो तुरुंग फोडला आणि वॉशिंग्टनचा फ्रेंच साथीदार लाफाएत याने ती किल्ली 1790 मध्ये लेखक थॉमस पेनच्या हाती देऊन वॉशिंग्टनकडे पाठवली. घर बघायला येणारी माणसं झुंबर बघतात, रंग बघतात आणि किल्लीखालून निघून जातात. मुलाला आधी एवढंच सांगा की त्या घरात एका तुरुंगाची किल्ली आहे, शोधून दाखव. तिथल्या संग्रहालयात वॉशिंग्टनची कवळी आहे, ती सहा वर्षांच्या मुलीसाठी. त्याचे दात लाकडाचे होते असं अनेकांना वाटतं. तसे ते नव्हते. हस्तिदंत, धातू आणि माणसांचे दात मिळून ती कवळी केलेली आहे. आणखी एक गोष्ट सासूबाईंना आवडेल: हे घर सरकारचं नाही. 1850 च्या दशकात ते मोडकळीला आलं होतं, तेव्हा ॲन पामेला कनिंगहॅम या बाईंनी बायकांची एक संस्था उभी केली, देशभरातून पैसे जमवले आणि घर विकत घेतलं. आजही तीच संस्था ते चालवते.

आता तुमची यादी. बॉस्टन या वेळी सोडा. तिथल्या फ्रीडम ट्रेलची लाल रेघ अडीच मैल चालायची आहे. जुलैच्या उन्हात, दुखऱ्या गुडघ्यांनी ते होणार नाही. न्यू यॉर्क तुम्हाला कुठल्याही शनिवारी जवळ आहे, ते दहा दिवसांत कोंबू नका. उरलेल्यांचा क्रम असा लावा: फिलाडेल्फिया घरून जाऊन-येऊन, मग वॉशिंग्टन तीन रात्री, तिथून विल्यम्सबर्ग-यॉर्कटाउन दोन रात्री आणि परतताना गेटिसबर्ग एक रात्र. मधला एक दिवस पूर्ण मोकळा ठेवा. त्या दिवशी हॉटेलच्या तलावात मुलं डुंबतील, सासूबाई पाय वर करून पडतील.

फिलाडेल्फियात इंडिपेंडन्स हॉलला वर्षातला बहुतेक काळ वेळेचं तिकीट लागतं. तिकीट मोफत आहे, ऑनलाइन आरक्षणाला माणशी एक डॉलर पडतो. जुलैतली तिकिटं लवकर संपतात, म्हणून आजच काढा. सुरक्षा तपासणी होते, तेव्हा अर्धा तास आधी पोचा. आत ज्या खोलीत 1776 चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला, त्याच खोलीत 1787 ची राज्यघटना लिहिली गेली. तुमची वस्तू तिथली खुर्ची. वॉशिंग्टन ज्या खुर्चीवर बसून त्या सभेचं काम चालवत होता, तिच्या पाठीच्या वरच्या कडेला अर्धा सूर्य कोरलेला आहे. बेंजामिन फ्रँकलिन शेवटच्या दिवशी म्हणाला की हा सूर्य उगवता की मावळता हे मला इतके दिवस कळत नव्हतं, आता कळलं की उगवता आहे. मुलीला आदल्या रात्री नुसतं कागदावर अर्धा सूर्य काढून दाखवा आणि विचारा, उगवता की मावळता?

समोरच लिबर्टी बेल आहे, तिला तिकीट नाही, फक्त रांग. घंटेची रुंद भेग सगळे बघतात. ती रुंद फट म्हणजे मूळ तडा नव्हे. बारीक तडा गेला होता, तो पसरू नये म्हणून 1846 मध्ये कारागिरांनी तो मुद्दाम कोरून रुंद केला. मग वाजवताना दुसरा तडा गेला आणि घंटा कायमची गप्प झाली. तो दुसरा केसासारखा तडा फटीच्या वरच्या टोकापासून पुढे गेलेला दिसतो, मुलाला तो शोधायला लावा. घंटेवर रोमन आकड्यांत साल आहे, एमडीसीसीएलआयआयआय. अकरा वर्षांच्या मुलाला ते सोडवता येतं: 1753.

त्याच चौकात, सहाव्या रस्त्याच्या आणि मार्केट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन राहत होता ते घर होतं. इथे थांबल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्या घरात ओनी जज नावाची तरुण मुलगी मार्था वॉशिंग्टनची चाकरी करत होती. चाकरी म्हणजे नोकरी नव्हे, ती गुलामगिरीत होती. पेनसिल्व्हेनियाच्या 1780 च्या कायद्यामुळे बाहेरून आणलेला गुलाम सहा महिने राज्यात राहिला तर स्वातंत्र्य मागू शकत असे. म्हणून मुदत भरायच्या आत या माणसांना राज्याबाहेर नेऊन परत आणलं जाई. 1796 च्या मे महिन्यात, घरची मंडळी जेवायला बसलेली असताना ओनी दारातून बाहेर पडली आणि जहाजाने न्यू हॅम्पशायरला गेली. वॉशिंग्टनने तिला परत आणायचे प्रयत्न केले, ती परतली नाही. 1848 मध्ये ती तिथेच वारली.

माझी मुलगी सात वर्षांची असताना इथे उभी राहून म्हणाली, ‘आई, मग तो चांगला होता की वाईट?’ मी तेव्हा गडबडले आणि विषय बदलला. ती चूक होती, कारण मुलाला उत्तरापेक्षा आपण विषय बदलला हे जास्त लक्षात राहतं. आता मी माझ्या गटातल्या मुलांना सरळ सांगते: त्याने देश उभा करायला मोठं काम केलं आणि त्याच वेळी माणसांना विकत घेऊन राबवलं, दोन्ही खरं आहे. माउंट व्हर्ननला 1799 मध्ये तो वारला तेव्हा तिथे 317 माणसं गुलामगिरीत होती. आकडा सांगा, एखादं नाव सांगा, ओनीचं सांगा, मग मुलं पुढचे प्रश्न स्वतः विचारतात. आम्ही घर दाखवताना ‘गुलाम’ असं नुसतं म्हणत नाही, ‘गुलामगिरीत ठेवलेली माणसं’ म्हणतो. बोलायला लांब पडतं, पण कुणीतरी ठेवलं होतं हे त्यात राहतं.

इथे सासऱ्यांना बोलू द्या. महात्मा फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली तेव्हा ती अर्पण केली अमेरिकेतल्या लोकांना, गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी त्यांनी दाखवलेल्या निष्ठेबद्दल. गुलामगिरी संपवणारी घटनादुरुस्ती झाली 1865 मध्ये. म्हणजे आठ वर्षांत इथली ही बातमी पुण्यातल्या एका पुस्तकाच्या पहिल्या पानावर पोचली होती. नातवंडांना हे इथला कुणी मार्गदर्शक सांगणार नाही, आजोबाच सांगतील. तुमच्या घरातल्या आजोबांना मुलांमागून चालणारे पाहुणे करू नका. त्यांना दोन गोष्टी आधीच सोपवा.

दुसरी गोष्ट यॉर्कटाउनची. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात व्हर्जिनियातल्या या गावी 19 ऑक्टोबर 1781 ला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसचं सैन्य शरण आलं. तो स्वतः आजारपण सांगून मुक्कामीच राहिला आणि तलवार देऊन ओहारा नावाच्या दुय्यम अधिकाऱ्याला पाठवलं. ओहारा आधी फ्रेंच सेनापतीकडे वळला, त्याने वॉशिंग्टनकडे बोट दाखवलं, वॉशिंग्टनने आपल्या दुय्यमाकडे, जनरल बेंजामिन लिंकनकडे. मुलांना हा प्रसंग त्या मैदानावर करून बघायला फार आवडतो, तुम्ही सहाजण आहात, पात्रं पुरतील. आता सासऱ्यांचं काम. ज्या वर्षांत इथे हे युद्ध चालू होतं, त्याच वर्षांत इंग्रजांचं मराठ्यांशी पहिलं युद्ध चालू होतं. जानेवारी 1779 मध्ये वडगावला इंग्रजांना मान खाली घालावी लागली, सालबाईचा तह झाला 1782 मध्ये. आणि हाच कॉर्नवॉलिस 1786 मध्ये गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला. टिपूवरच्या मोहिमेत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन त्याच्याबरोबर होते. सांगलीकराला परशुरामभाऊंची ओळख करून द्यायला नको. कॉर्नवॉलिस वारला तोही आपल्याकडेच, 1805 मध्ये गाझीपूरला. माझ्या बाबांनी हे सगळं त्या मैदानावरच्या तोफेजवळ उभं राहून माझ्या मुलाला सांगितलं. आज तो मुलगा कॉलेजात आहे आणि ‘यॉर्कटाउन’ म्हटलं की त्याला आधी वडगाव आठवतं.

यॉर्कटाउनची रणभूमी गाडीतून फिरून बघता येते, मोर्च्यांजवळ उतरायचं. प्रवेशाला शुल्क आहे, 15 वर्षांपर्यंतच्या मुलांना नाही. एक घोळ टाळा: जवळच जेम्सटाउनची दोन ठिकाणं आहेत, नावं जवळजवळ सारखी. हिस्टॉरिक जेम्सटाउन ही 1607 च्या वसाहतीची खरी जागा, तिथे उत्खनन चालतं. जेम्सटाउन सेटलमेंट ही राज्याने उभी केलेली प्रतिकृती, तिथे वसाहतीची माणसं ज्यांतून आली त्या तीन जहाजांच्या नकला आहेत आणि मुलांना त्यांवर चढता येतं. तिकिटं वेगवेगळी. सहा वर्षांच्या मुलीसाठी दुसरी जास्त बरी. विल्यम्सबर्गच्या जुन्या गावात रस्त्यांवरून फिरायला तिकीट नाही, इमारतींत आणि कारागिरांच्या दुकानांत शिरायला लागतं. तिकीट महाग आहे, तरी एक दिवसाचं काढा, कारण तिथले लोहार, छापखान्यातले लोक, शिंपी खरोखर काम करत असतात, देखावा नसतो. मुलाला लोहाराच्या भात्यापाशी सोडा आणि घाई करू नका.

गेटिसबर्गबद्दल एकच सल्ला. तिथे परवानाधारक मार्गदर्शक मिळतात, ते तुमचीच गाडी चालवतात आणि दोन तास रणभूमी दाखवतात. गुडघे दुखणाऱ्या माणसाला याहून चांगली सोय कुठल्याही रणांगणावर नाही. पैसे द्यावे लागतात, पण नुसत्या तोफा आणि तेराशेच्या वर स्मारकं बघून मुलांच्या हाती काही लागत नाही, कुणीतरी सांगावं लागतं. अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या या लढाईत, 1 ते 3 जुलै 1863 या तीन दिवसांत, दोन्ही बाजूंची मिळून मेलेली, जखमी, पकडलेली आणि बेपत्ता अशी सुमारे 51,000 माणसं. संध्याकाळी ऊन उतरल्यावर मुलाला घेऊन तिसऱ्या दिवशीच्या हल्ल्याचं ते उघडं शेत अर्धं तरी चालून या. सासऱ्यांना पानिपत आठवेल, आठवू द्या.

आता वॉशिंग्टन, कारण गेल्या वर्षीची दुखापत तिथलीच आहे. स्मिथसोनियन या राष्ट्रीय संस्थेची संग्रहालयं मोफत आहेत आणि तोच सापळा आहे. मोफत आहे म्हणून माणूस चार बघायला जातो. मोफत असल्यामुळेच एक तास बघून बाहेर यायला हरकत नाही, हे ध्यानात घ्या. बाहेर हिरवळीवर बसा, डबा खा, वाटलं तर परत आत जा. हवाई आणि अंतराळ संग्रहालयाला आणि आफ्रिकन अमेरिकन संग्रहालयाला मोफत पण वेळेचा पास लागतो, तो आधी काढा. पहिल्यात राइट बंधूंचं 1903 चं विमान आहे. त्याचं पहिलं उड्डाण 12 सेकंदांचं, 120 फुटांचं. बाहेर आल्यावर मुलीला हिरवळीवर 120 फूट पावलांनी मोजायला लावा, तिला कळेल केवढं थोडं ते आणि केवढं मोठं. दुसऱ्या संग्रहालयात सर्वांत खालच्या मजल्यावर गुलामगिरीपासून सुरुवात होते आणि माणूस वर वर येतो. खालचे मजले सहा वर्षांच्या मुलीसाठी नाहीत. तुम्ही आणि मिस्टर आळीपाळीने मुलासोबत जा.

सासूबाईंसाठी मात्र अमेरिकन इतिहासाचं संग्रहालय. 2014 साली माझ्या आईला मी तिथे घेऊन गेले होते. त्याच्या आदल्या दिवशी एका सहल कंपनीच्या बसमधून तिने चार तासांत सहा स्मारकं केली होती आणि ती अगदी गळून गेली होती. मी ठरवलं, आज एकच गोष्ट. तिथे अंधाऱ्या दालनात काचेमागे, जरा उतारावर निजवलेला एक झेंडा आहे. 1814 मध्ये बाल्टिमोरच्या किल्ल्यावर रात्रभर तोफांचा मारा झाला, सकाळी हा झेंडा फडकत होता, त्यावरून त्यांचं राष्ट्रगीत सुचलं. झेंडा शिवला मेरी पिकर्सगिल या विधवा बाईने, 1813 मध्ये, मुलगी, भाच्या आणि ग्रेस विशर नावाची करारावर बांधलेली कृष्णवर्णीय मुलगी यांना हाताशी घेऊन. मुळात तो 30 फूट रुंद आणि 42 फूट लांब. घरात मावेना म्हणून दारूभट्टीच्या जमिनीवर पसरून शिवला. पुढे आठवण म्हणून लोकांनी तुकडे कापून नेले, पंधरा ताऱ्यांतला एक तारा गेला, आता लांबी 34 फूट उरली आहे.

आई गोधड्या शिवायची. तिने काचेला जवळजवळ नाक लावलं आणि म्हणाली, ‘हे एकटीचं काम नव्हे. दोघी समोरासमोर बसून आत आत सरकत आल्या असणार, नाहीतर कापड ओढलं जातं.’ मग ती तिथल्या बाकावर बसली आणि माझ्या मुलीला अंधारात, हलक्या आवाजात, मोठी गोधडी कशी भरतात ते हातवारे करून सांगत राहिली. चाळीस मिनिटं. तिथे फोटो काढू देत नाहीत, त्यामुळे आमच्याकडे त्या दिवसाचा एकही फोटो नाही. मुलीला त्या दिवसाचं सगळं आठवतं. त्याच इमारतीत ग्रीन्सबरोच्या वूलवर्थ दुकानातला जेवणाचा काउंटर आणि त्याच्या स्टुलांची रांग आहे. 1 फेब्रुवारी 1960 ला चार कृष्णवर्णीय विद्यार्थी तिथे बसले आणि वाढायला नकार मिळाल्यावरही उठले नाहीत. सत्याग्रह हा शब्द मुलाला आजोबांकडून तिथे ऐकू दे.

लिंकन स्मारक रात्री करा. ते चोवीस तास उघडं असतं, जुलैत दिवसा तिथला दगड तापतो. घरातून 1959 ते 2008 मधलं एक सेंटचं नाणं शोधून न्या. त्याच्या मागच्या बाजूला हेच स्मारक आहे आणि नीट बघितलं तर मधल्या खांबांच्या आड इवलासा बसलेला लिंकन दिसतो. मुलीच्या हातात नाणं द्या, समोर इमारत. आत उत्तरेच्या भिंतीवर कोरलेल्या भाषणात ‘फ्यूचर’ शब्दाचं पहिलं अक्षर चुकून ई कोरलं गेलं होतं, मग खालची आडवी रेघ बुजवली. ती खूण मुलाने शोधायची. बाहेर पायऱ्यांवर, वरच्या चौथऱ्यापासून अठरा पायऱ्या खाली, मार्टिन ल्यूथर किंग 28 ऑगस्ट 1963 ला जिथे उभे राहून बोलले ती जागा कोरून दाखवली आहे. तिथे बसा. 1959 मध्ये ते भारतात आले तेव्हा मुंबईत मणिभवनात मुक्कामाला होते, हेही सांगा.

राष्ट्रीय अभिलेखागारात मूळ जाहीरनामा आहे. मुलांना आधी सांगून ठेवा की तो वाचता येणार नाही. अनेक वर्षं उजेडात टांगल्यामुळे शाई फिकी पडली आहे. न सांगता नेलंत तर निराशा होते. सांगून नेलंत तर मुलं खालच्या डाव्या कोपऱ्यातला हाताच्या पंजाचा ठसा शोधतात.

मुलांसाठी सगळ्यांत उपयोगी गोष्ट म्हणजे ज्युनियर रेंजर. नॅशनल पार्क सर्व्हिस या राष्ट्रीय उद्यानं आणि स्मारकं सांभाळणाऱ्या सरकारी खात्याच्या बहुतेक ठिकाणी, म्हणजे इंडिपेंडन्स हॉल, यॉर्कटाउन, गेटिसबर्ग, वॉशिंग्टनची स्मारकं, माहिती केंद्रात गेल्यावर ‘ज्युनियर रेंजरची पुस्तिका द्या’ म्हणायचं. वयाप्रमाणे ठरावीक पानं भरायची, रेंजर तपासतो, मुलाला उजवा हात वर करून शपथ देतो आणि बिल्ला देतो. घाईने पानं भरून घेऊ नका, आणि उत्तरं तुम्ही सांगू नका. आजी-आजोबांसाठी शिक्के मारायची एक छोटी वही मिळते, प्रत्येक ठिकाणी तारखेचा शिक्का मोफत मारता येतो. माझ्या बाबांनी ती वही सांगलीच्या डॉक्टरलासुद्धा दाखवली होती. सोबत शिसपेन्सिली न्या, काही दालनांत पेन चालत नाही.

मार्गदर्शकाशी बोलताना एक प्रश्न जरूर विचारा: ‘इथली तुमची आवडती वस्तू कोणती?’ आम्ही रोज तेच तेच बोलतो, हा प्रश्न आला की खरं बोलतो. मुलाने ‘हे लोक शी कुठे करायचे?’ असं विचारलं तर त्याला गप्प करू नका. तो उत्तम प्रश्न आहे, जुन्या घरात त्याचं उत्तर नेहमी दाखवता येतं. सासू-सासऱ्यांना इथला उच्चार कळत नसेल तर वाक्यावाक्याचं भाषांतर करू नका, तुम्हीही दमाल आणि तेही. आदल्या रात्री जेवताना मराठीत गोष्ट सांगून टाका. दुसऱ्या दिवशी त्यांना ओळखीचे शब्द ऐकू येतात आणि माणूस खुलतो.

सासूबाई व्हीलचेअर नको म्हणतील. आपल्याकडच्या बायकांना तिचा फार संकोच, माझ्या आईलाही होता. स्मिथसोनियनमध्ये ती मोफत मिळते, आधी येईल त्याला. ‘पायांसाठी नाही, झेंड्यासमोर जास्त वेळ थांबता यावं म्हणून’ असं सांगा. खिशात अडकित्ता, चाकू, कात्री काही ठेवू नका, तपासणीत अडकतं. आतला वातानुकूलित गारवा बोचतो, शाल हवी. जेवणात तिखटमिठाच्या पुऱ्या आणि केळी, आत खायचं नाही, बाहेर सावलीत. सकाळी उघड्यावरची ठिकाणं, दुपारी आतली, संध्याकाळी स्मारकं, जुलैत दुसरा क्रम लावूच नका.

तुम्ही इथलेच असल्यामुळे पैशाच्या दोन गोष्टी. अनेक सार्वजनिक ग्रंथालयं सभासदांना संग्रहालयांचे पास पुस्तकासारखे देतात, तुमच्या ग्रंथालयात विचारा. आणि एखाद्या छोट्या संग्रहालयाचं वर्षाचं सभासदत्व घेतलंत तर ठरावीक श्रेणीला देशभरातल्या शेकडो संग्रहालयांत प्रवेश मिळतो. न्यू यॉर्कला एलिस आयलंडला, म्हणजे पूर्वी स्थलांतरित जिथे उतरत त्या बेटावर, जाल तेव्हा बोटीचं तिकीट अधिकृत ठिकाणीच काढा, धक्क्याजवळ रस्त्यात तिकिटं विकणाऱ्यांकडून घेऊ नका.

शेवटी एक जागा, जी तुमच्या यादीत नाही. दहा दिवस संपल्यावरच्या एखाद्या शनिवारी, सासूबाईंसाठी. फिलाडेल्फियात असताना त्यांना सांगा की 11 मार्च 1886 ला याच शहरात आनंदीबाई जोशींना डॉक्टरची पदवी मिळाली आणि ते बघायला पंडिता रमाबाई सभागृहात बसल्या होत्या. पुढच्याच वर्षी आनंदीबाई पुण्यात वारल्या. त्यांच्या अस्थी, ज्यांनी त्यांना इथे घरच्या मुलीसारखं ठेवलं त्या कार्पेंटर बाईंकडे पाठवल्या गेल्या. न्यू यॉर्क राज्यात पोकिप्सीच्या दफनभूमीत कार्पेंटर कुटुंबाच्या थडग्यांमध्ये आनंदीबाईंचा दगड आहे, नावापुढे एम.डी. कोरलेलं. तुमच्या घरून दोन तासांचा रस्ता. तिथून थोड्याच मैलांवर हाइड पार्कला राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्टचं घर आहे. पोलिओने पाय गेल्यावर त्याने साध्या खुर्चीला चाकं लावून घेतली होती आणि मजला चढायला दोर हाताने ओढायचा सामानाचा पाळणा (लिफ्ट) वापरला. सासूबाईंना तो पाळणा दाखवा. दफनभूमीत जाताना फुलं घरूनच न्या, आणि कार्यालयात आधी फोन करून दगड कुठल्या भागात आहे ते विचारून ठेवा, जागा मोठी आहे, उन्हात शोधत फिरायला नको.